हवेचा वाटा

नारेगावच्या डेपोकडे निघालेल्या कचरागाड्या १६ फेब्रुवारी २०१८ ला वाटेतच अडल्या. नारेगाव, मांडकी, गोपाळपूर आणि आसपासच्या गावांनी ठरवलं होतं, आता एकही गाडी आत येऊ द्यायची नाही. कैक वर्षं औरंगाबाद शहर (छत्रपती संभाजीनगर हे नाव २०२३ मधलं) आपला कचरा इथं आणून ओतत होतं. रोजचा साधारण ४०० टन. भाजीची देठं, डायपर, थर्माकोल, तुटक्या चपला, रिकाम्या बाटल्या, सगळं एकत्र. त्याचा डोंगर झाला होता, आणि तो डोंगर धुमसत होता.

धुमसणं हा शब्द इथं अगदी नेमका आहे. कचऱ्याच्या ढिगात खालच्या थरांपर्यंत हवा पोचत नाही. तिथले जिवाणू ओला कचरा कुजवतात आणि त्यातून मिथेन वायू तयार होतो. तो पेट घेतो, पण ढिगाच्या पोटात पुरेसा प्राणवायू नसल्यामुळे ज्वाळा उठत नाहीत. आग आतल्या आत सरकत राहते. वरून पाणी मारलं तर पृष्ठभाग भिजतो, आत काही फरक पडत नाही. अशा आगीचं तापमान कमी असतं, म्हणून प्लॅस्टिक, रबर, चिंध्या पूर्ण जळत नाहीत. अर्धवट जळण्यातून काजळी, कार्बन मोनॉक्साइड, बेन्झीन बाहेर पडतात, आणि पीव्हीसीसारखं क्लोरीन असलेलं प्लॅस्टिक असेल तर डायॉक्सिनही. चुलीतल्या लाकडाचा धूर वाईटच, पण कचऱ्याचा धूर त्याहून वाईट. रात्री जमीन थंड होते, तिच्यालगतची हवा थंड होऊन खाली बसते आणि धूर वर न जाता आडवा पसरतो. ढिगाशेजारच्या घरात उन्हाळ्याच्या रात्री दार लावलं तर उकडतं, उघडं ठेवलं तर डोळे चुरचुरतात. या दोहोंतून निवड करत तिथं एक पिढी मोठी झाली.

हे टाळता आलं नसतं असं अजिबात नव्हतं. घनकचऱ्याबद्दलचे केंद्राचे नियम २००० साली आले. कचऱ्यावर प्रक्रिया करणारी केंद्रं उभी करायला त्यांनी शहरांना ३१ डिसेंबर २००३ पर्यंत मुदत दिली होती. २०१६ साली नवे, अधिक कडक नियम आले. गाड्या अडल्या तेव्हा पहिली मुदत उलटून चौदा वर्षं झाली होती.

मग शहराला जे दिसलं ते अनेकांना अजून आठवत असेल. कचरा उचलला तरी टाकायचा कुठं, हा प्रश्न होता, म्हणून तो उचललाच गेला नाही. कोपऱ्याकोपऱ्यावर ढीग साचले. पाडेगाव, मिटमिटा, कांचनवाडी, जिथं गाडी जाईल तिथले लोक रस्त्यावर उतरले. ७ मार्चला मिटमिट्यात दगडफेक झाली, गाड्या जळाल्या, पोलिसांचा लाठीमार झाला. त्याच महिन्यात पोलीस आयुक्तांना रजेवर पाठवण्यात आलं, पालिका आयुक्तांची बदली झाली. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं नारेगावला पुन्हा कचरा टाकायला मनाई केली. या सगळ्या गोंधळात शहरातल्या लोकांनी एक सोपा उपाय शोधला. त्यांनी कोपऱ्यावरचा ढीग पेटवून दिला.

त्या आठवड्यांत नारेगावचा धूर शहरानं स्वतःच्या खिडकीतून घेतला. तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांना वास लागला, आजोबांनी सकाळचं फिरणं बंद केलं, शाळकरी पोरं रुमाल बांधून निघाली. हे असह्य आहे, यावर सगळ्यांचं चटकन एकमत झालं. तेच असह्य मांडकीच्या लोकांनी वर्षानुवर्षं सहन केलं होतं आणि तेव्हा शहराच्या दृष्टीनं प्रश्न सुटलेला होता.

हवा सगळ्यांची असते, असं आपण सहज म्हणतो. पाण्याला नळ असतो, जमिनीला सातबारा असतो, हवेला काही नसतं, म्हणून ती तरी समान असेल असं वाटतं. मला या प्रकरणात एवढंच सांगायचं आहे की हवेचीही वाटणी होते. घर कुठं आहे, काम कोणतं आहे, स्वयंपाक कशावर होतो आणि लहानपणी ताटात काय होतं, या चार गोष्टींवरून कुणाच्या छातीत किती धूर जाईल हे बरंचसं ठरतं.

खांबावरची हवा आणि माणसाची हवा

शहराची हवा मोजणारी यंत्रं असतात. सरस्वती भुवन महाविद्यालय, कडा ऑफिस, जिल्हाधिकारी कार्यालय अशा ठिकाणी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं मोजमाप जुनं आहे. वाळूजच्या मोरे चौकात आणि चिकलठाणा एमआयडीसीत सतत मोजणारी यंत्रंही आहेत. ती प्रामुख्यानं दोन आकारांचे कण मोजतात. पीएम १० म्हणजे दहा मायक्रॉनपर्यंतचे कण, यात धूळ, माती, सिमेंट येतं. पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतचे, केसाच्या जाडीच्या पंचविसाव्या-तिसाव्या हिश्श्याएवढे. यातले बहुतेक जळण्यातून येतात. आपल्या देशाच्या मानकानुसार पीएम १० ची वार्षिक सरासरी घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमच्या आत हवी, पीएम २.५ ची ४० च्या आत. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये हेच आकडे १५ आणि ५ वर आणले. आपल्या शहराला आपलंच मानक सलग काही वर्षं गाठता आलं नाही, म्हणून जानेवारी २०१९ मध्ये केंद्रानं राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम सुरू केला तेव्हा त्यातल्या शहरांच्या यादीत औरंगाबाद होतं.

ही यंत्रं हवीतच. पण ती खांबावर किंवा गच्चीवर असतात, आणि गच्चीवर कुणी राहत नाही. हा फरक पहिल्यांदा नीट मोजून दाखवला तो कर्क स्मिथ या अमेरिकन संशोधकानं, आणि तो आपल्या शेजारच्या गुजरातेत. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी खेड्यांतल्या बायकांच्या अंगावर कण मोजणारी छोटी यंत्रं अडकवली आणि त्यांना नेहमीसारखा चुलीवर स्वयंपाक करू दिला. त्या बायका जी हवा घेत होत्या ती कुठल्याही मोठ्या औद्योगिक शहराच्या हवेपेक्षा कितीतरी पट वाईट निघाली. तोवर प्रदूषण म्हणजे कारखान्याची चिमणी आणि शहराचा धूर असं समीकरण होतं. मोकळ्या आभाळाखालच्या खेड्यात, चार भिंतींच्या आत इतका धूर असेल असं कुणी मोजलंच नव्हतं. मोजमाप खांबावरून माणसाच्या अंगावर आणलं तेव्हा ते कळलं.

तोच प्रयोग मनातल्या मनात जालना रोडवर करून पाहू. एक माणूस सेव्हन हिल्सजवळच्या कार्यालयात बसून काम करतो. बसलेला माणूस मिनिटाला साधारण आठ लिटर हवा घेतो. त्याच रस्त्याच्या कडेला खोदकामावर एक मजूर बाई डोक्यावरून मुरमाची घमेली वाहते. कष्टाचं काम करताना श्वास मिनिटाला तीस लिटरवर सहज जातो, कधी त्याच्याही वर. आठ तासांत कार्यालयातला माणूस ३,८४० लिटर हवा घेईल, ती बाई १४,४०० लिटर. म्हणजे हवा अगदी एकच असली तरी तिच्या छातीत जवळपास चौपट कण जातात. आता ती खड्ड्याशी आहे आणि तो काचेआड, म्हणून तिच्याभोवती धूळ तिप्पट धरा. चौपटीची आणि तिपटीची गाठ पडली की फरक अकरा-बारा पटींवर जातो. शिवाय दम लागला की माणूस तोंडानं श्वास घेतो, आणि मग नाकातले केस आणि ओलावा मोठे कण अडवतात, ती पहिली चाळणीही बाजूला पडते. दोघांच्या मध्ये अंतर पन्नास फुटांचं. मोबाईलवर दोघांनाही शहराचा एकच निर्देशांक दिसतो.

या शहरात खोदकाम हा काही दिवसांचा त्रास राहिलेला नाही. जायकवाडीहून पाणी आणणाऱ्या नव्या योजनेसाठी रस्ते खणले गेले, बुजवले गेले, पुन्हा खणले गेले. पाण्याची गरज खरी आहे, आठवड्यातून एकदा नळाची वाट पाहणाऱ्या शहराला ते वेगळं सांगायला नको. पण बुजवलेल्या चराची माती तशीच पडून राहते, चाकांखाली दळली जाते, आणि गाडी गेली की उठते. आपली जमीन बेसाल्टची. मलिक अंबरनं १६१० च्या सुमारास शहर वसवलं त्या गावाचं नावच खडकी होतं. हा काळा दगड फोडून खडी होते, खडीचा रस्ता होतो, रस्त्याची पुन्हा धूळ होते.

ती धूळ पहिल्यांदा कोण घेतं? पहाटे साडेपाच-सहाच्या सुमारास क्रांती चौकाकडून मोंढा नाक्याकडे जाऊन पाहा. झाडणाऱ्या बायका कमरेत वाकून लांब खराटा चालवत असतात. खराटा कागद आणि पानं गोळा करतो, बारीक माती मात्र हवेत उडवतो. दिव्याच्या पिवळ्या उजेडात ती बाईच्या गुडघ्यापासून डोक्यापर्यंत तरंगताना स्पष्ट दिसते. तिनं पदर नाकावरून घेऊन मागे खोचलेला असतो. सुती पदरातून पीएम २.५ आरपार जातं, पदरानं फक्त ठसका कमी होतो. आणि वेळही नेमकी वाईट. पठारावरच्या हिवाळ्यात रात्री जमीन लवकर निवते, वर उबदार आणि खाली गार असे हवेचे थर बसतात, आणि झाकणासारखा वरचा थर खालची धूळ, शेकोट्यांचा धूर, ट्रकांचा धूर सगळं दाबून धरतो. ऊन वर आलं की नऊ-दहाच्या सुमारास हे झाकण उघडतं. तोवर तिची पाळी निम्म्याहून अधिक उरकलेली असते.

यांत्रिक झाडू आले आहेत, पाण्याचे फवारे मारणाऱ्या गाड्या आल्या आहेत. देशभरात शुद्ध हवा कार्यक्रमाचा पैसा कशावर खर्च झाला याचा हिशेब दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्रानं २०२४ मध्ये मांडला. ६४ टक्के रस्त्यांच्या धुळीवर. वाहनांच्या धुरावर १३ टक्क्यांपेक्षा कमी. उद्योगांच्या प्रदूषणावर एक टक्काही नाही. याचं कारण सरळ आहे. शहरांची कामगिरी मुख्यतः पीएम १० वर जोखली गेली, आणि पीएम १० मध्ये धुळीचं वजन मोठं. फुप्फुसाच्या तळापर्यंत जाणारा, जळण्यातून आलेला बारीक कण वजनात हलका, म्हणून हिशेबात मागे पडला. धूळ बसवायलाच नको असं मी म्हणत नाही, खराटा चालवणारीला तर त्याचा आधी फायदा होईल. पण गाडी फिरते ती रुंद, डांबरी रस्त्यांवर. गुंठेवारीच्या गल्लीत ती शिरतही नाही.

गुंठेवारी हा शब्द या शहराला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. शेतजमिनीचे गुंठ्यागुंठ्यानं तुकडे पाडून विकले, वर घरं झाली, नकाशा नाही, रस्ता नाही, गटार नाही. २००१ साली राज्यानं गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा केला. या शहरात अशा वसाहती शंभराहून अधिक आहेत. एका बाजूला सिडकोनं आखून दिलेले भाग, तिथं रस्त्याची रुंदी, बागेची जागा, झाडांची रांग आधी कागदावर ठरली आणि मग माणसं आली. दुसऱ्या बाजूला मुरमाच्या गल्ल्या, तिथं माणसं आधी आली आणि डांबर अजून यायचं आहे. उन्हाळ्यात त्या गल्लीतून एक टेम्पो गेला की फुफाटा दारात ठेवलेल्या पिठाच्या डब्यापर्यंत जातो. पाच वर्षांच्या पोराचं नाक जमिनीपासून तीन-साडेतीन फुटांवर असतं, बापाचं पाच-साडेपाच फुटांवर. धूळ आणि सायलेन्सरचा धूर दोन्ही खालीच दाट असतात.

अशा वस्त्या प्रदूषणाजवळच का उभ्या राहतात, याचं उत्तर अर्थशास्त्रज्ञांनी इंग्लंडमध्ये शोधलं. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सत्तर शहरांमधल्या एकोणिसाव्या शतकातल्या चिमण्यांच्या जागा आणि वाऱ्याची दिशा तपासली होती. तिथं वारा बहुतेक वेळ पश्चिमेकडून वाहतो, धूर पूर्वेला जातो, पूर्वेची जागा स्वस्त होते, गरीब तिथं जातो. यातली गंभीर गोष्ट पुढं आहे. चिमण्या बंद झाल्या, धूर गेला, तरी ते पूर्वेचे मोहल्ले गरीबच राहिले. नारेगावची जमीन स्वस्त का होती आणि तिथं भाड्याची खोली कुणाला परवडली, हे त्यावरून ओळखता येतं. डेपो बंद झाला म्हणून भोवतालचं सगळं आपोआप सुधारेल असं धरून चालता येणार नाही.

दहा बाय दहाच्या खोलीत

वाळूज औद्योगिक वसाहतीभोवतीची गावं आणि वस्त्या: वाळूज, रांजणगाव, बजाजनगर, पंढरपूर, जोगेश्वरी. मराठवाड्यातल्या कोरडवाहू गावांतून आणि उत्तर भारतातून आलेली तरणी पोरं इथं खोली करून राहतात. पत्र्याची किंवा सिमेंटची खोली, एक दार, एखादी खिडकी, ती डासांमुळे बंद. चौघं-पाच जण, दिवसपाळीचे आणि रात्रपाळीचे आळीपाळीनं तीच गादी वापरणारे. कोपऱ्यात छोट्या सिलिंडरची शेगडी. कढईत मिरच्यांची फोडणी पडली की सगळे खोकत बाहेर येतात. ती फोडणी हसण्यावारी जाते. पण झोपताना उशाशी जी कॉइल लावली जाते, तिच्याकडे कुणी संशयानं पाहत नाही.

डासांची कॉइल लाकडाच्या भुशासारख्या पदार्थाची असते आणि ती सात-आठ तास सावकाश जळते. नारेगावच्या ढिगाचंच हे लहान रूप आहे, ज्वाळा नाही, नुसतं धुमसणं. एका कॉइलमधून बारीक कण किती निघतात हे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोजलं होतं. उत्तर आलं, ७५ ते १३७ सिगारेटींमधून निघतील तितके. मच्छरदाणी लावायला चौघांच्या खोलीत जागा नसते, डास येतात ते बाहेरच्या उघड्या गटारातून, आणि गटार उघडं असतं कारण वस्ती नकाशावर नसते. दमा झाला म्हणून त्या पोराला कॉइल बंद कर सांगायचं, तर आधी एवढं सगळं पाहावं लागतं.

कामाची जागा आणि झोपायची जागा एकच असते तिथं धोका आणखी वाढतो. ३१ डिसेंबर २०२३ च्या पहाटे वाळूज औद्योगिक वसाहतीत हातमोजे बनवणाऱ्या एका कारखान्याला आग लागली. कामगार आतच झोपलेले होते. सहा जण गेले. बातमी आगीची म्हणून छापून आली, पण त्या माणसांना रात्री झोपायला त्या छपराखेरीज दुसरी जागा नव्हती, हेही त्याच बातमीत होतं.

सिगारेट न ओढणाऱ्याला सिगारेटवाल्याचा आजार होतो, हे पुण्याच्या डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्याबरोबर २००९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ठामपणे मांडलं. आजाराचं नाव सीओपीडी. यात श्वासनलिका कायमच्या अरुंद होतात, फुप्फुसातले हवेचे फुगे फाटून एकमेकांत मिसळतात, हवा आत जाते पण पूर्ण बाहेर येत नाही. दम्यात औषधानं नळी पुन्हा मोकळी होते, यात ती फारशी होत नाही. आपल्याकडे लोक दोन्हीला दमाच म्हणतात. एका मोठ्या अभ्यासानुसार १९९० मध्ये भारतात याचे २ कोटी ८१ लाख रुग्ण होते, २०१६ मध्ये ५ कोटी ५३ लाख. त्यात जन्मात बिडीला हात न लावलेल्या असंख्य बायका आहेत. तरुणपणी चुलीपुढे फुंकणीनं जाळ केला, धाप लागायला लागली पन्नाशीत. तोवर घरात गॅस आलेला असतो आणि चूल विसरलेली असते.

फुप्फुसाची वाढ

फुप्फुसाबद्दलची एक गोष्ट मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करते. ते जन्मतः पूर्ण नसतं. मूल वाढतं तसं तेही वाढतं, विशीच्या आसपास त्याची ताकद सर्वांत जास्त होते, आणि तिथून आयुष्यभर थोडीथोडी घटत जाते. ही घट कुणालाच चुकत नाही. म्हणून विशीत आपण किती उंचीवर पोचलो, यावर म्हातारपण कसं जाईल हे अवलंबून असतं. ज्याची सुरुवातच खालून झाली, त्याला पन्नाशीतच जिना चढताना मध्ये थांबावं लागतं.

दक्षिण कॅलिफोर्नियातल्या बारा गावांमधल्या १,७५९ मुलांना संशोधकांनी दहाव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंत दरवर्षी नळीत जोरानं फुंकायला लावलं. निष्कर्ष २००४ मध्ये आले. बारीक कणांचं प्रमाण सर्वांत जास्त असलेल्या गावात अठराव्या वर्षी ७.९ टक्के मुलांची फुप्फुसं लक्षणीय कमकुवत निघाली, सर्वांत स्वच्छ गावात १.६ टक्के. ही खात्यापित्या घरांची, अमेरिकेतली मुलं. आपल्याकडे याच्या जोडीला ताट येतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी आढळली. खुज्या छातीत फुप्फुसही लहान राहतं. कमी वजनाचं जन्मलेलं बाळ, बाळपणी दोन-तीनदा न्यूमोनिया, वर दारातला फुफाटा आणि खोलीतली कॉइल, असं एकावर एक साचत जातं. क्षयरोगही याच रांगेत आहे. जगातल्या दर चार क्षयरुग्णांमागे एक भारतात आहे. दाटीची खोली, कमी खाणं आणि धूर या तिन्हींनी तो पसरतो, आणि बरा झाल्यावरही फुप्फुसावर वण ठेवून जातो.

त्याच कॅलिफोर्नियातली दुसरी बातमी २०१५ मध्ये आली. मधल्या वीस वर्षांत तिथं गाड्यांच्या धुरावर, ट्रकांवर, बंदरांवर कडक नियम झाले होते, हवा सुधारली होती. नंतरच्या पिढीतली मुलं त्यातल्याच काही गावांत मोजली, तर पंधराव्या वर्षी कमकुवत फुप्फुसांचं प्रमाण निम्म्याहूनही खाली आलं होतं. ती गावं तीच होती, हवा बदलली तेवढ्यानं मुलांची छाती वाढली. वाळूजच्या अंगणवाडीत आज पाच वर्षांचं असलेलं पोर २०४० पर्यंत वाढतच राहणार आहे. या मधल्या वर्षांत त्याच्या गल्लीत डांबर, झाकलेलं गटार आणि धूर मोजणारं एक यंत्र आलं, तर त्याचा उपयोग त्याला व्हायला अजून वेळ आहे.

एकदा छाती बिघडली की उपचाराचीही वाटणी सुरू होते. दम्याचं मुख्य औषध पंपातून घ्यायचं असतं आणि ते रोज घ्यायचं असतं, बरं वाटत असतानाही. महिन्याचा पंप काहीशे रुपयांचा. रोजंदारीच्या घरात बरं वाटत असताना औषध विकत घेणं कुणालाच पटत नाही, आणि 'पंपाची सवय लागते' ही समजूत मदतीला असतेच. मग पंप अर्धवट सुटतो, पावसाळ्यात किंवा दिवाळीनंतरच्या थंडीत छाती भरते, रात्री दोनला रिक्षा करून वाफ द्यायला न्यावं लागतं, दोन दिवसांची मजुरी बुडते. सरकारी विमा योजना मुख्यतः दवाखान्यात भरती झाल्यावर कामी येतात. भरती व्हावंच लागू नये म्हणून जे औषध असतं, त्याचे पैसे खिशातूनच जातात.

आपल्याकडे हे पाहणारे डॉक्टर नव्हते असं नाही. मुंबईत केईएम रुग्णालयाच्या डॉ. एस. आर. कामत यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस लालबाग, चेंबूर आणि खार इथल्या लोकांची तपासणी करून त्या भागांच्या हवेशी आजारांचा ताळा घातला. गिरण्या, रिफायनऱ्या आणि तुलनेनं स्वच्छ उपनगर, अशी एकाच शहरातली तीन प्रकारची हवा त्यांनी शेजारी ठेवली. छत्रपती संभाजीनगरात तसंच काम करायचं तर नारेगाव, रांजणगाव आणि सिडकोचा एखादा झाडीचा भाग यांना एका तक्त्यात आणावं लागेल.

लंडनच्या आग्नेय भागात एला अडू-किसी-डेब्रा नावाची मुलगी वर्दळीच्या रस्त्याजवळ राहत होती. तिला तीव्र दमा होता. फेब्रुवारी २०१३ मध्ये नऊ वर्षांची असताना ती गेली. तिच्या आईनं सात वर्षं पाठपुरावा केला, आणि डिसेंबर २०२० मध्ये मृत्यूचौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यानं मृत्यूच्या कारणांत हवेचं प्रदूषण लिहिलं. ब्रिटनमध्ये असं पहिल्यांदाच लिहिलं गेलं. भारतात २०१९ या एका वर्षात हवेच्या प्रदूषणामुळे १६ लाख ७० हजार मृत्यू झाले असा संशोधकांचा अंदाज आहे. ते सगळे मृत्यू दाखल्यावर हृदयविकार, न्यूमोनिया, पक्षाघात अशा नावांनी आहेत.

इटलीत बर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाचे एक वैद्य होऊन गेले. कामगारांच्या रोगांवर त्यांनी १७०० साली पुस्तक लिहिलं. दगड फोडणारे, धान्य पाखडणारे, शौचकूप उपसणारे, अशा माणसांच्या कामाच्या जागी ते स्वतः जात. रोग्याला विचारायच्या प्रश्नांची यादी ग्रीकांच्या काळापासून चालत आली होती. तीत एक प्रश्न वाढवा, असं त्यांनी डॉक्टरांना सांगितलं: तुम्ही काम काय करता?

हे वाचल्यावर काही दिवसांनी एका दवाखान्यात छातीच्या डॉक्टरांच्या दारापाशी बसण्याचा प्रसंग आला. शेजारी साठीच्या आसपासच्या एक बाई होत्या. दोन शब्द बोलल्या की थांबायच्या, ओठ चंबूसारखे करून हळूहळू श्वास सोडायच्या. मांडीवर प्लॅस्टिकच्या पिशवीत एक्स-रे. मी विचारलं, "मावशी, काम काय करता?"

"काही नाही भाऊ. घरीच असते."

"आता घरी. त्याच्या आधी?"

"आधी का?" त्यांनी दम घेतला. "आधी नारेगावला कचरा वेचत होते. चौदा वर्षं."

"तिथं धूर असायचा?"

"असायचाच की. थंडीत तर बरं वाटायचं, शेकायला."

मग थोडं थांबून त्यांनीच विचारलं, "का हो, हे डॉक्टरला सांगायचं असतं का?"